थेस्सलोनिकीहून भाड्याची गाडी घेऊन क्सांथीला कोण जाऊन आलंय काय?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, हसू नका. सप्टेंबरात थेस्सलोनिकीला मोठं प्रदर्शन भरतंय, ते बघायला मालक मला पाठवायलेत, चार दिवस. पुढचे तीन दिवस मी स्वतःच्या खर्चानं वाढवून घेतलेत आणि बायको पण येणार आहे (तिकीट तिचं वेगळं, मालकांना त्रास नाही). आता ग्रीस म्हटलं की सगळे सँटोरिनी सँटोरिनी करायलेत, पांढरी घरं, निळे घुमट. पण आमचा एक जुना कस्टमर आहे तिकडचा, पार्ट घेतो आमच्याकडनं, तो म्हणतोय की बेटं सोडा, पूर्वेला गाडी घेऊन क्सांथीला या, आमच्या गावात चर्चची घंटा आणि मशिदीतली बांग एकदमच ऐकू येते आणि बाजारात तीन भाषा चालतात. मी म्हटलं बाबा रे, मी बेळगावचा, मला यात नवीन काय, आमच्याकडं भाजीवाली मराठीत भाव सांगते, कन्नडमध्ये सुट्टे मागते आणि उर्दूत भांडते. तर तो म्हणाला मग तू यायलाच पाहिजे.

आता मुद्द्याचं. गाडी मी २० वर्षं चालवतोय, पुणे-गोवा-हुबळी कुठंही, पण उजव्या बाजूनं कधी चालवलेली नाही. आपलं लायसन चालतंय का तिकडं? थेस्सलोनिकी ते क्सांथी किती वेळ, रस्ता कसा, दोन रात्री पुरतात का, वाटेत काय बघायचं, आणि मेन म्हणजे बायकोला अंडं पण चालत नाही तर ती खाणार काय? कोण त्या बाजूला गेलेलं असेल तर सांगा की ओ. नेटवर सगळं बेटांचंच आहे.

वखारीतला निपाणकर

आलोय बघा जाऊन. २०२३ च्या मे महिन्यात, मी आणि सौ. पोरगं जर्मनीत असतंय, तो म्हणाला पप्पा युरोपात आलायसा तर कुठं जायचं सांगा, मी म्हटलं मला क्सांथी दाखव. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कारण सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूचा धंदा. लहानपणी आजोबांच्या वखारीत खेळायचो, खकाणा नाकात जाऊन शिंका द्यायचो. आणि क्सांथी म्हणजे तिकडची निपाणी समजा! बास्मा म्हणून बारक्या पानाचा सुवासिक तंबाखू पिकतो त्या डोंगरउतारावर, एकेकाळी साऱ्या जगातल्या सिगारेटवाल्यांना पाहिजे असायचा. उन्हात वाळवायचा, पण आपल्यासारखा चुरा करून विडीत भरायचा नाही, एक एक पान दोऱ्यात ओवायचं. पान निवडायला बायका, निपाणीत पण बायकाच.

गावाची गोष्ट अशी की १८२९ साली लागोपाठ दोन भूकंप झाले आणि जुनं गाव भुईसपाट झालं. मग तंबाखूच्या पैशानं नवं उभं राहिलं. तेच आता 'जुनं गाव' म्हणून दाखवतात, हे एक गमतीचं. कारागीर लांबून एपिरस आणि मॅसिडोनियातनं आणलेले. त्यामुळं एका गल्लीत तुर्की धाटणीचं घर, वरचा मजला रस्त्यावर पुढं आलेला लाकडी, तर त्याच्या शेजारी व्यापाऱ्याचा युरोपियन थाटाचा वाडा, खांब बिंब, छताला रंगवलेली चित्रं. कुयुमझोग्लू म्हणून तंबाखूवाले भाऊ होते, त्यांचा जुळा वाडा आहे, एकसारखी दोन घरं चिकटून, तिथं आता म्युझियम केलंय. ते बघाच. आणि खाली सपाटीला वखारी. लांबच लांब, खिडक्यांची रांग, काही दुरुस्त केल्यात, काहींची कौलं गेलीत आणि आत झाडं उगवलीत. त्या पडक्या वखारीपुढं मी अर्धा तास उभा होतो, सौ. म्हणाली हे बघायला एवढे पैसे घातले काय, घराच्या मागं आहे की आपल्या.

आणि एक. तिथल्या म्हाताऱ्याला मी हातानं दाखवलं की पोतं पाठीवर घेणारे, तर तो म्हणाला 'खामालिस'. हमाल हो! हमालच! तुर्कीतनं त्यांच्याकडं गेलेला, फारसीतनं आपल्याकडं आलेला. मग आमचं सुरूच झालं, बाजार म्हणजे पाझारी, मोहल्ला म्हणजे माखालास, दुनिया म्हणजे दुन्यास, खबर म्हणजे खाबारी, हलवा तर हलवासच. त्याला इंग्लिश येत नव्हतं, माझं तोडकं, पण पाऊण तास गप्पा झाल्या. नाद खुळा.

रस्त्याचं सांगायचं राहिलं, ते जेवून आल्यावर लिहितो.

अनगोळकर

एवढा खर्च करून तंबाखूच्या वखारी बघायला ग्रीसला? गड्या तासा-दीड तासात निपाणी येतंय, बसनं जा, निपाणकर मामा चहा पण पाजतील 😄

मस्करी सोड. माझं म्हणणं वेगळं आहे. तू थेस्सलोनिकीत चार दिवस असणार आणि ते शहरच टाकून पळायच्या गोष्टी करायलास. अरे खरं सरमिसळ शहर तर तेच होतं! १४९२ ला स्पेननं ज्यू लोकांना हाकललं तेव्हा ते मोठ्या संख्येनं ऑटोमन म्हणजे तुर्की मुलखात आले आणि इथं स्थायिक झाले, चारशे वर्षं त्यांची लादिनो म्हणजे जुनी स्पॅनिश या शहराच्या बंदरावर बोलली जायची. शनिवारी बंदर बंद असायचं, कारण हमाल ज्यू. १९१२ ला शहर ग्रीसकडं आलं, १९१७ ला मोठी आग लागून मधला भाग जळाला, १९२३ ला मुसलमान गेले आणि १९४३ ला जर्मनांनी ४५ हजारांहून जास्त ज्यू ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत पाठवले. जुनं ज्यू कब्रस्तान होतं त्या जागेवर आज युनिव्हर्सिटी आहे. हे सगळं प्रदर्शनाच्या जागेपासनं चालत अंतरावर आहे.

रोटुंडा बघ. रोमन बादशहा गॅलेरियसच्या काळातली गोल इमारत, मग चर्च, मग मशीद, परत चर्च, आणि मिनार अजून तसाच उभा. आपल्या किल्ल्यात कमल बस्ती आणि सफा मशीद एका तटाच्या आत आहेत ना, इथं तेच सगळं एकाच भिंतीत बसवलंय असं समज. १४४४ चं बे हमाम आहे भर रस्त्यावर. आजचा तुर्कस्तान ज्यानं उभा केला तो केमाल अतातुर्क जन्मला ते घर आहे तुर्की कॉन्सुलेटच्या आवारात. संध्याकाळी आनो पोलीला म्हणजे वरच्या गावात चढून जा, आगीतनं वाचलेला भाग तो, जुनी घरं तिथंच शिल्लक आहेत.

एक सल्ला मात्र माझा घेच, शहरात असेपर्यंत गाडी घेऊ नकोस. पार्किंग म्हणजे आपल्या खडे बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी फोर व्हीलर घेऊन शिरण्यासारखं आहे. निघायच्या दिवशी सकाळी घे.

चिक्कोडी एक्सप्रेस

गाडीचं मी सांगतो, मी दोनदा चालवलीय तिकडं.

लायसन. नुसतं आपलं लायसन नाही चालत, आयडीपी म्हणजे आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आपल्या आरटीओतनंच मिळतो, फॉर्म ४ए, ऑनलाइन भरून मग जावं लागतं. एक वर्ष चालतो. मूळ लायसन पण बरोबर ठेवा, आयडीपी एकटा म्हणजे नुसतं भाषांतर आहे. काही गाडीवाले आयडीपी बघत पण नाहीत आणि मग लोक नेटवर लिहितात की गरज नाही. गाडी देताना बघितला नाही म्हणून काय, ठोकल्यावर विमावाला बघणारच आहे.

कार्ड. ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे, डेबिट नको. डिपॉझिट अडकवून ठेवतात. बायकोच्या कार्डावर घेतो आणि मी चालवतो असं होत नाही.

गिअर. ऑटोमॅटिक मागा, महाग पडते आणि कमी असतात म्हणून आधीच बुक करा. का म्हणजे, गिअर उजव्या हाताला येतो. पहिल्या दिवशी मी गिअर टाकायला गेलो की डावा हात दारावर आपटायचा. आणि इंडिकेटर आपल्या मारुतीच्या उलट्या बाजूला, त्यामुळं मी प्रत्येक वळणावर भर उन्हात वायपर फिरवत जायचो, मागचे लोक काय म्हणत असतील देव जाणे. हायवेवर काही वाटत नाही हो, सगळे एकाच दिशेला चाललेले असतात. धोका कुठं आहे तर सकाळी हॉटेलातनं रिकाम्या गल्लीत बाहेर पडताना आणि पेट्रोल पंपातनं निघताना. तिथं आपोआप आपण आपल्या डाव्या बाजूला जातो. बायकोला सांगून ठेवा, प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की मोठ्यानं 'उजवीकडं' म्हणायचं. ती भूमिका त्या आनंदानं करतील.

आता माझी कर्मकहाणी. मी 'फुल इन्शुरन्स' घेतला होता, छातीठोकपणे. जुन्या गावातल्या फरसबंदी गल्लीत मॅपनं घातलं मला, गल्ली पुढं पुढं अरुंद होत गेली, शेवटी दोन्हीकडं चार चार बोटं राहिली. मागं घेताना पायरीला टायर घासून फाटलं, रिम पण वाकली. परत दिल्यावर काउंटरवरचा पोरगा हसत हसत म्हणाला सर टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग यात येत नाही, हे बघा बारीक अक्षरात. डिपॉझिटमधनं कापले. चूक माझीच, वाचलं नव्हतं. तेव्हा टायर-काच वेगळं कव्हर असतंय ते विचारा, आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, रिमचा सुद्धा. क्सांथीत गाडी खालीच लावा, वर चालत जा.

वेग हायवेला १३०, बाहेरच्या रस्त्याला ९०, गावात ५० किंवा त्याहून कमी, पाटी बघा. कॅमेरे आहेत, दंड घरी नाही आला तरी कार्डावर येतो आणि वर गाडीवाल्याची फी.

वखारीतला निपाणकर

जेवण झालं. एक्सप्रेसनं बरोबर सांगितलंय सगळं.

रस्ता म्हणाल तर लोणी. एग्नाटिया ओडोस नाव, जुन्या रोमन रस्त्याचं नाव घेतलेलं, पश्चिमेला समुद्रापासनं ते पार तुर्कीच्या हद्दीपर्यंत ६७० किमी. थेस्सलोनिकीतनं क्सांथी दोनशेच्या थोडं वर, सव्वादोन-अडीच तास. टोल आहेत मधे मधे, कार्ड चालतं पण सुट्टे युरो हाताशी ठेवा. आणि एक महत्त्वाचं, हायवेवर पंप फार कमी, टाकी भरूनच निघा. पंपावर माणूस येऊन भरतो, आपल्यासारखंच. फक्त पेट्रोलला 'आमोलिव्दी' म्हणतात, तिथं पेत्रेलियो म्हणजे डिझेल!! हे नीट लक्षात ठेवा, पेट्रोल पेट्रोल करत बसलात तर तो डिझेल घालायचा.

पाट्या दोन लिपीत असतात, आधी पिवळ्या अक्षरात ग्रीक, मग पांढऱ्यात रोमन. पण दोघांत अंतर असतं, ग्रीक पाटी वाचता येत नाही म्हणून घाबरून जाऊ नका, थोडं पुढं रोमन येतेच. क्सांथीचं पहिलं अक्षर तीन आडव्या रेघांसारखं दिसतं.

वाटेत दोन मोठी तळी लागतात, मग समुद्र उजव्या हाताला येतो आणि मग कावाला. कावालाला थांबाच. गावाच्या मधनं पाण्याचा पाट गेलाय, दोन मजली कमानींवरनं, सुलेमान बादशहाच्या काळातला, खालनं गाड्या जातात. बंदरावर चढावर मुहंमद अलीचं घर, म्हणजे इजिप्तवर ज्याच्या घराण्यानं राज्य केलं तो, १७६९ ला इथं जन्मला. त्यानं गावाला इमारेत बांधून दिलं, मदरसा आणि गरिबांना जेवण घालायची जागा, आपल्या अन्नछत्रासारखं. आता तिथं महागडं हॉटेल आहे. तंबाखूचं म्युझियम पण आहे कावालात, मी आत गेलो, सौ. बाहेर समुद्र बघत बसली. वेळ असेल तर तिथनं जवळच फिलिपी, रोमन गावाचे अवशेष, २०१६ पासनं युनेस्कोत. उन्हाचं जाऊ नका.

पुढं नेस्टोस नदी ओलांडली की मॅसिडोनिया संपून थ्रेस सुरू. आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून वाढलेली माणसं, आम्हाला प्रांत बदलला की चहाची चव बदलल्यासारखी वाटते. तिथं काही वाटलं नाही, नुसती नदी. पण थोडं पुढं गेलं की शेताच्या पलीकडं पहिला मिनार दिसतो.

वखारीच्या बायकांचं एक राहिलं. ग्रीसमध्ये तंबाखू कामगारांची चळवळ फार जबर होती. मे १९३६ ला थेस्सलोनिकीत त्यांचा संप झाला आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. मला १९८१ चं आमचं निपाणीचं तंबाखू आंदोलन आठवलं. हायवेवर बसलेले शेतकरी मी स्वतः बघितलेत, तेव्हा मी कॉलेजात होतो. असो. विषय भरकटला.

खानापूरच्या बाई

मी गेलेली नाही. पण चाळीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली तीस सीमाभागातल्या मराठी शाळेत, म्हणून तिसऱ्या भाषेबद्दल दोन शब्द बोलते, कारण उद्यमबागवाल्यांनी तिथं जाऊन गमतीनं काहीतरी विचारायला नको.

१९२३ च्या जानेवारीत ग्रीस आणि तुर्कस्ताननं लोझानला लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ख्रिस्ती तिकडून ग्रीसला आले, साडेतीन-चार लाख मुसलमान इकडून तिकडे गेले. आणि निकष कोणता, तर भाषा नाही, धर्म. तुर्की बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना ग्रीसला पाठवलं, ज्यांना ग्रीकचा शब्द येत नव्हता. ग्रीक बोलणाऱ्या क्रीटच्या मुसलमानांना तुर्कस्तानला. आपल्याकडे १९५६ ला भाषा बघून रेघ मारायची ठरलं आणि रेघ काही सगळ्यांच्या मनासारखी आली नाही, पण निदान घरदार सोडून कोणाला जावं लागलं नाही. तिथं माणसंच उचलली.

त्यातून वगळले दोन गट. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान. म्हणून क्सांथी आणि कोमोटिनी या भागात मशिदी नुसत्या जुन्या वास्तू म्हणून नाहीत, तिथं आजही नमाज होते. थेस्सलोनिकीतल्या मशिदी आणि हमाम आता प्रदर्शनं आणि म्युझियम झालेत. अनगोळकरांनी शहर चांगलं सांगितलं, पण हा फरक आहे, तिथं आठवण आहे, इथं माणसं आहेत.

आता नाजूक भाग. ग्रीक सरकार कागदावर 'मुस्लिम अल्पसंख्याक' म्हणतं, 'तुर्की' म्हणत नाही. त्यातले कित्येक स्वतःला तुर्क म्हणवतात. शिवाय क्सांथीच्या वर डोंगरात पोमाक लोक आहेत, धर्मानं मुसलमान पण बोली बल्गेरियनच्या जवळची. अल्पसंख्याकांच्या शाळेत अर्धे विषय ग्रीकमध्ये, अर्धे तुर्कीत शिकवतात. पोमाक मूल घरी एक बोलतं आणि शाळेत दुसऱ्या दोन भाषा शिकतं, त्याची स्वतःची तिसरी वर्गात नाहीच. आमच्या वर्गात घरी कोकणी बोलणारी पोरं असायची, मराठी शाळा, कन्नड सक्तीची, इंग्रजी परीक्षेला. त्यांची आठवण येते मला.

तेव्हा चहाच्या टपरीवर बसून 'तुम्ही तुर्क की ग्रीक' असं कोणाला विचारू नका. आपल्याला बाहेरचा माणूस येऊन 'मग तुम्ही नक्की कुठले, महाराष्ट्राचे की कर्नाटकचे' विचारतो तेव्हा काय वाटतं ते आठवा. गावाची नावंसुद्धा दोन दोन आहेत, क्सांथीला तुर्कीत इस्केचे, कोमोटिनीला ग्युमुल्जिने. ऐकून घ्या, दुरुस्त करायला जाऊ नका.

उद्यमबागवाला

बाई, नमस्कार. हे कोणत्या वेबसाइटवर मिळालं नसतं. नावाचं तर मला कळतंय, आमच्या घरी आई अजून बेळगाव म्हणते, पोरगी बेळगावी म्हणते आणि आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग आहे.

मामा, पेत्रेलियोचं लिहून ठेवलं. पण बायको मागनं विचारायलीय की मी खाणार काय हे कोण सांगणार?

शहापूरची सून

मी सांगते वहिनींना. आम्ही गेलो होतो त्या बाजूला, माझ्या सासूबाई बरोबर होत्या, कांदा-लसूण चालतो पण अंडं-मांस नाही. उपाशी कोण मेलं नाही.

ग्रीक लोकांचे उपास फार असतात, आणि उपासाच्या पदार्थाला 'निस्तीसिमो' म्हणतात. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. पण थांबा, ऑक्टोपस आणि कोळंबी उपासाला चालते त्यांना! मी खुश होऊन निस्तीसिमो मागितलं आणि पुढ्यात पाय आले, तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघायला पाहिजे होता. म्हणून 'खोरीस क्रेआस' म्हणजे मांस नको, 'खोरीस अवगो' म्हणजे अंडं नको, आणि माशाचं वेगळं सांगा.

काय खायचं तर यिगांतेस, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यासारखे, चुकले, पावट्यासारखे दाणे टोमॅटोत भाजलेले. ब्रियाम म्हणजे वांगं बटाटा दोडक्यासारखी भाजी तेलात. पानात गुंडाळलेला भात, त्याला 'यालांजी' म्हणायचं, तुर्कीत त्याचा अर्थ खोटं, म्हणजे मांस नसलेलं खोटं डोल्मा. पालकाच्या पाइत अंडं असू शकतं, विचारल्याशिवाय नको. मिरची कुठंच नाही, शेंगाचटणीची पुडी घेऊन जा, बॅगेत तेल सांडणार नाही अशी बांधा.

गोड. क्सांथीची करियोका. अक्रोड आणि चॉकलेटची अर्धचंद्रासारखी वडी, चांदीच्या कागदात. मी तर म्हणेन कुंद्याच्या तोडीची आहे, कुंदावाले मारायला येतील मला. फक्त काही ठिकाणी ब्रँडी घालतात म्हणतात, वहिनींना चालत नसेल तर विचारून घ्या. कोमोटिनीला अक्रोड घातलेलं सुजूक लोकुम मिळतं ते पण घ्या.

आणि कॉफी मागताना ग्रीक कॉफी म्हणा. एकेकाळी तिथं सगळे तुर्की कॉफीच म्हणायचे, १९७४ ला तुर्कस्तान सायप्रसमध्ये सैन्य घेऊन शिरलं तेव्हापासनं नाव बदललं. भांडं तेच, गाळ तोच.

अनगोळकर

नावं बदलायचा नाद सगळीकडंच म्हणायचा.

उद्यमबागवाला

😂 आता शेवटचं. दोन रात्री क्सांथीत टाकतोय. दिवस कसे लावू? आणि बल्गेरिया जवळ आहे म्हणतात, एक चक्कर?

वखारीतला निपाणकर

शनिवार क्सांथीत पडेल असं बघा, बाकी काही झालं नाही तरी चालेल. शनिवारचा बाजार म्हणजे त्या गावाचा जीव. पोमाक बायका डोंगरातनं येतात, जिप्सी कपडे विकतात, ग्रीक आजी चीज घेऊन बसलेली, आणि ओरडणं सगळ्यांचं एकाच सुरात. आपल्या बाजारात 'धा रुपये धा रुपये' चालतं तोच सूर, डोळे मिटले तर कुठं आहोत कळत नाही. सकाळी लवकर जा. सप्टेंबरच्या सुरवातीला जुन्या गावाचा उत्सव पण असतो, रस्त्यात गाणी-जेवण. त्यात सापडलात तर नशीब, पण हॉटेल आधी ठरवा. मानोस हाजिदाकिस म्हणून त्यांचा मोठा संगीतकार इथलाच, १९२५ चा, त्याचं घर पण जुन्या गावातच आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी डोंगरात घाला, स्मिंथी, एखिनोस. एखिनोस हे मोठं पोमाक गाव, उतारावर घरं आणि मधे मिनार. १९९० च्या दशकापर्यंत तिथं बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय जाताच येत नव्हतं, सरहद्दीचा लष्करी पट्टा होता. रस्ता वळणाचा पण चांगला, आंबोली घाट केलेल्या माणसाला काही नाही. उतारावर तंबाखूचे बारके बारके वाफे दिसतील. फोटो काढायच्या आधी माणसांना विचारा.

परत येताना वेळ उरला तर पोर्तो लागोस, तळ्यात छोटा मठ आहे, लाकडी पुलावरनं चालत जायचं. कोमोटिनी ५०-५५ किमी, घड्याळाचा मनोरा, मशिदी, जुना बाजार, अर्ध्या दिवसात होतं.

बल्गेरियाचं एक्सप्रेसला विचारा.

चिक्कोडी एक्सप्रेस

व्हिसाचा प्रश्न नाही, २०२५ पासनं बल्गेरियाच्या जमिनीवरच्या हद्दी पण शेंगेनमध्ये आल्या. प्रश्न गाडीचा. लेखी परवानगी आणि जादा पैसे दिल्याशिवाय गाडी देशाबाहेर नेली तर विमा शून्य. तीन दिवसात कशाला ते. तुर्कीला तर नावच काढू नका, तिथं तुमचा शेंगेन चालत नाही आणि गाडी पण.

उद्यमबागवाला

(दोन महिन्यांनी)

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आता रिपोर्ट.

'उजवीकडं' हा शब्द बायकोनं तीन दिवसात किमान दोनशे वेळा म्हटला, घरी आल्यावर पण सोसायटीच्या गेटातनं निघताना म्हणाली आणि मी खरंच उजवीकडं घातली, वॉचमन पळाला. वायपर फिरले. पेत्रेलियो टळलं. टायर-काच कव्हर घेतलं होतं म्हणून काहीच झालं नाही, नसतं घेतलं तर झालं असतं.

कावालाचा पाट बघून बायको म्हणाली हे आधी का नाही सांगितलं, इथंच राहिलो असतो. क्सांथीत गाडी खाली लावून चढलो, गुडघे बोलायला लागले. पण संध्याकाळी वरनं बघितलं तर खाली सगळी कौलं आणि मधनं नदी, आणि खरंच, आधी बांग आणि ती संपता संपता घंटा. कस्टमर माझ्याकडं बघून हसला. मी म्हटलं ठीक आहे, पण आमच्याकडं त्यात लाउडस्पीकरवर आरती पण असते.

शनिवारच्या बाजारात एका पोमाक बाईकडनं मध घेतला. भाव बोटांवर झाला. तिनं माझ्या बायकोच्या टिकलीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं, शेजारच्या पोराला भाषांतर करायला बोलावलं, पोरानं तिच्या भाषेतनं तुर्कीत सांगितलं, दुसऱ्यानं ग्रीकमध्ये, कस्टमरनं इंग्लिशमध्ये आणि मी मराठीत. प्रश्न एवढाच होता की ही चिकटते कशी. बायकोनं पर्समधनं पाकीट काढून तिला एक देऊन टाकलं. तिनं ती पदरासारख्या फडक्याखाली कपाळाला लावून बघितली आणि लगेच काढून हातावर चिकटवली.

मामा, पडकी वखार बघितली, तुम्ही म्हणालात तीच असावी, आतलं झाड आता छपराच्या वर गेलंय, फोटो व्हॉट्सॲप करतो. करियोकाचा डबा तुमच्यासाठी वेगळा बांधून घेतला होता. तो आमच्या आईनं देवापुढं ठेवलेला आहे असं समजून वाटला. निपाणीपर्यंत काही येत नाही, माफ करा.